‘मेक्सिकन लोक रांगेत का उभे राहत नाहीत?’ कायदा नेमकं काय म्हणतो?

पाऊलवाट

अमेरिकेतल्या मराठी घरांत गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘आपण पंधरा-पंधरा वर्षं ग्रीनकार्डासाठी ताटकळतो आणि हे लोक कुंपण ओलांडून मोकळे होतात. त्यांनीही रांगेत उभं राहावं.’ मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यावर लेख करायचा आहे, आणि तो ऐकीव माहितीवर बेतायचा नाही. म्हणून जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या मेक्सिकन माणसासाठी अशी रांग खरोखर आहे का? पिढ्यान्पिढ्या अमेरिकी नागरिक असलेल्या मेक्सिकन वंशाच्या माणसाला निव्वळ दिसण्यावरून थांबवता येतं का? आणि ‘मेक्सिकन’ म्हणजे तिथल्या कायद्याच्या लेखी वंश, राष्ट्रीयत्व की आणखी काही? सालं आणि निकाल यांसकट सांगितलंत तर फार मदत होईल.

निरगुडी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

रांगा अनेक आहेत, पण तुम्ही ज्याच्याबद्दल विचारताय त्याला उभं राहता येईल अशी जवळपास एकही नाही. कायमच्या वास्तव्याचे मुख्य रस्ते दोन, नोकरी आणि नातं. नोकरीच्या रस्त्यावर पदवी किंवा किमान दोन वर्षांचं कौशल्य न लागणाऱ्या कामांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला कमाल १०,००० व्हिसे आहेत. १९९७ च्या एका कायद्याने त्यातलेही बरेच दुसरीकडे वळवले, त्यामुळे कित्येक वर्षं प्रत्यक्षात निम्मेच उरले. त्यात कामगाराची बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही, असा श्रम खात्याचा दाखला मालकाने आधी मिळवायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. हंगामापुरते मजूर हवे असलेला शेतमालक या भानगडीत पडतच नाही.

त्याच्यासाठी एच-२ए हा हंगामी शेतमजुरांचा व्हिसा आहे. त्याला वार्षिक मर्यादा नाही, अलीकडे वर्षाला तीन लाखांच्या आसपास निघतात आणि बहुतेक मेक्सिकन मजुरांनाच मिळतात. पण तो एका मालकाशी बांधलेला असतो आणि कितीही हंगाम केले तरी त्यातून ग्रीनकार्डाकडे वाट जात नाही. मालकाविरुद्ध तक्रार केली तर काम जायची भीती, आणि कामाबरोबर देशात राहण्याचा हक्कही जायची. मजुरी बुडवली तरी लोक गप्प का बसतात, ते इथे कळतं.

आता नात्याचा रस्ता. नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि (नागरिक २१ पूर्ण असेल तर) आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. बाकी सगळी नाती मर्यादेत. आणि इथे तेच ७ टक्क्यांचं कलम येतं ज्याने भारतीयांना जेरीस आणलंय. कुठल्याही एका देशाला नातं आणि नोकरी मिळून वर्षाला साधारण २५,६२० व्हिसे, मग तो देश लक्झेंबर्ग असो की मेक्सिको. परराष्ट्र खात्याचं मासिक व्हिसा बुलेटिन उघडा, स्वतंत्र स्तंभ मोजक्याच देशांना दिसतील : चीन, भारत, मेक्सिको, फिलिपीन्स. नागरिकाच्या भावंडांच्या गटात २०२५ मध्ये भारताची तारीख (म्हणजे त्याआधी केलेल्या अर्जांचीच पाळी आलेली) २००६ च्या आसपास होती आणि मेक्सिकोची २००१ मध्ये अडकलेली. म्हणजे या गटात मेक्सिकन माणूस आपल्याही मागे उभा आहे. लेखात हे ठळक यायला हवं, कारण ‘आम्ही विरुद्ध ते’ ही मांडणीच इथे कोसळते. दोघांना अडवणारं कलम एकच आहे.

आणि ही परिस्थिती पूर्वापार नव्हती. १९४२ ते १९६४ ब्रासेरो करारांखाली मेक्सिकन मजूर रीतसर येत-जात. १९५६ च्या सुमाराला वर्षाला साडेचार लाखांच्या घरात होते. पश्चिम गोलार्धातल्या (म्हणजे दोन्ही अमेरिका खंडांतल्या) देशांना तोवर संख्येची मर्यादाही नव्हती. करार १९६४ च्या अखेरीस बंद झाले, १९६५ च्या कायद्याने संपूर्ण गोलार्धाला १,२०,००० ची मर्यादा घातली (अंमल १९६८ पासून) आणि १९७६ च्या दुरुस्तीने प्रत्येक देशाला २०,००० ची. शेतं तीच, मजूर तेच, गावंही तीच. फक्त दार बंद झालं आणि त्याच येण्याजाण्याचं नाव ‘बेकायदा’ पडलं.

पुढे १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सॅन दिएगोला सीमा आवळली. परिणाम उलटा झाला. हंगाम संपला की गावी परतणारा माणूस परतेनासा झाला, कारण पुन्हा येणं महाग आणि जिवावरचं होऊन बसलं. वाळवंटातून यायचं तर दलालाला हजारो डॉलर मोजायचे. मग त्याने बायको-मुलांनाच इकडे आणलं.

पारिजात

पण नागरिकाशी लग्न झालं की प्रश्न सुटतो ना? किंवा इथे जन्मलेलं मूल २१ वर्षांचं झालं की?

निरगुडी

पारिजात, हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि याच समजुतीवर विसंबून लोक कायमचे अडकतात. जरा सविस्तर सांगते.

देशात राहूनच ग्रीनकार्ड घ्यायचं (याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात) तर माणूस अधिकाऱ्यासमोरून तपासणी होऊन आत आलेला असावा लागतो. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर येऊन मुदत उलटून राहिलेल्याने नागरिकाशी लग्न केलं तर त्याला सहसा देश सोडावा लागत नाही. नदी किंवा वाळवंट ओलांडून आलेल्याला तीच सवलत नाही. दोघंही विनापरवाना राहतायत, लग्नं दोघांचीही खरी आहेत, निकाल मात्र वेगळा. भारतातून आलेले बहुतेक विमानाने, व्हिसा घेऊन येतात. मेक्सिकोतून आलेले गरीब लोक पायी येतात. कायदा वरवर सगळ्यांना सारखा दिसतो, तो वर्गाप्रमाणे वेगळा कसा लागतो ते इथे बघा.

पायी आलेल्याला व्हिसा मुलाखतीसाठी मेक्सिकोत जावं लागतं. कायमच्या व्हिसांचं हे काम सिउदाद हुआरेसच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात चालतं. आणि त्यासाठी त्याने अमेरिका सोडली की १९९६ च्या कायद्याचा सापळा आवळतो. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी विनापरवाना राहिला असेल तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षं. बंदी राहिल्याने लागू होत नाही, देश सोडल्याने होते. म्हणजे नियमाप्रमाणे वागायला गेलेलाच अडकतो. वयाच्या १८ वर्षांपर्यंतचे दिवस यात धरत नाहीत, त्यामुळे लहानपणी आणलेल्या मुलांनी साडेअठराव्या वाढदिवसाच्या आत वकिलाला गाठणं फार महत्त्वाचं.

यावर माफीचा अर्ज आहे, आय-६०१ए. तो २०१३ पासून देश सोडण्याआधीच करता येतो. पण ‘अतोनात हाल’ सिद्ध करायचे ते नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराचे अथवा आईवडिलांचे. मुलांचे हाल या यादीतच नाहीत. म्हणून ‘मूल २१ चं झालं की सुटलो’ हे खोटं. मूल अर्ज करू शकतं, पण आईबापावरची दहा वर्षांची बंदी त्या मुलामुळे उठत नाही.

आणखी दोन ठिकाणी कायमचा घात होतो. एकूण वर्षाहून जास्त विनापरवाना राहून, बाहेर जाऊन, पुन्हा चोरवाटेने आलेल्याला कायमची बंदी लागते. दहा वर्षं बाहेर काढल्यावरच परवानगी मागता येते. आजारी आईला भेटायला गावी गेलेले कित्येक जण असेच अडकले आहेत. दुसरं म्हणजे नोकरीच्या आय-९ अर्जावर ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ या चौकोनात केलेली खूण. नागरिकत्वाचा खोटा दावा धरला गेला तर कायमच्या व्हिसासाठी त्यावर जवळपास माफी नाही. घाईत मुकादमाने भरून दिलेल्या एका खुणेने आयुष्यभराचा रस्ता बंद होतो.

जुन्या वाटाही गोठल्यात. कलम २४५(आय) खाली १,००० डॉलर दंड भरून देशातच ग्रीनकार्ड घेता यायचं, पण त्यासाठी ३० एप्रिल २००१ पर्यंत कुणीतरी अर्ज केलेला असायला हवा. म्हणून घरातले जुने कागद चाळायला सांगतात, काकाने वडिलांसाठी २००० साली केलेला विसरलेला अर्ज सोन्याच्या मोलाचा ठरतो. ‘रजिस्ट्री’ नावाची तरतूद तर १ जानेवारी १९७२ च्या आधीपासून राहणाऱ्यांसाठी आहे. ती तारीख १९८६ नंतर कुणी पुढे सरकवलीच नाही.

१९८६ चा उल्लेख आलाच आहे तर, त्या वर्षीच्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, त्यात बहुसंख्य मेक्सिकन. त्यानंतर तेवढं मोठं काही झालं नाही. लहानपणी आणलेल्यांसाठीचा २०१२ चा ‘डाका’ हा कायदा नव्हे. ती हद्दपारीची कारवाई लांबवण्याची दोन-दोन वर्षांची मुदत आहे. १६ व्या वाढदिवसाआधी आलेले, १५ जून २००७ पासून सलग राहणारे आणि १५ जून २०१२ ला ३१ वर्षांखालचे असलेलेच त्यात बसतात. म्हणजे आज शाळेत असलेलं जवळपास कुणीच नाही.

अक्षांश

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ती संदिग्धता न्यायालयानेच ठेवली आहे.

मूळ निकाल १९७५ चा, ब्रिग्नोनी-पोन्से. कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटेजवळ सीमा गस्तीच्या गाडीने एक मोटार थांबवली, कारण एवढंच की आतले तिघं मेक्सिकन दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ दिसण्यावरून गाडी थांबवता येणार नाही. लोक एवढंच वाक्य लक्षात ठेवतात. पण त्याच निकालात असंही आहे की मेक्सिकन दिसणं हा इतर कारणांच्या जोडीने विचारात घेण्याजोगा एक घटक ठरू शकतो. पुढच्याच वर्षी मार्टिनेझ-फुएर्टे निकालात कायमच्या तपासणी चौक्यांवर कसलाही संशय नसताना थांबवून प्रश्न विचारायची मुभा मिळाली. सीमेपासून १०० मैलांचा पट्टा ‘वाजवी अंतर’ धरला जातो, आणि समुद्रकिनाराही सीमाच असल्याने लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन त्यात येतात.

पुढचा टप्पा २०२५ चा. लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायाधीशांनी ११ जुलैला चार गोष्टींवर किंवा त्यांच्या बेरजेवर विसंबून लोकांना थांबवायला मनाई केली : दिसणारा वंश, स्पॅनिश बोलणं किंवा इंग्रजीतला हेल, ठिकाण (गाडी धुण्याची जागा, रोजंदारीचा नाका, बसथांबा) आणि कामाचा प्रकार. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. बहुमताने कारणं लिहिली नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात म्हटलं की वंश एकटा पुरेसा नाही पण इतर बाबींसोबत चालतो. न्यायमूर्ती सोटोमायॉर यांनी कडक विरोधी मत लिहिलं, कागन आणि जॅक्सन त्यांच्याबरोबर होत्या. लेखात हे ‘अंतिम निकाल’ म्हणून छापू नका, ती अंतरिम स्थगिती होती.

अमेरिकेत मेक्सिकन मूळ सांगणारे पावणेचार कोटींच्या आसपास आहेत आणि दर दहांतले सात तिथेच जन्मलेले. तेव्हा ‘दिसणं, भाषा, काम’ या चाळणीत अडकणाऱ्यांत नागरिक प्रचंड संख्येने येणार हे उघड आहे. आणि नागरिकाला नागरिकत्वाचा पुरावा जवळ बाळगायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. खिशात पुरावा नसणं हा त्याचा दोष धरला जातो, ते मला घोर अन्यायाचं वाटतं.

उपाय कमकुवत का पडतात, तेही लिहा. १९८४ च्या लोपेझ-मेंडोझा निकालानुसार बेकायदा थांबवून मिळवलेला पुरावा हद्दपारीच्या सुनावणीत सहसा बाद होत नाही. फौजदारी खटल्यात होतो. म्हणजे थांबवणं चुकीचं ठरलं तरी माणूस हद्दपार होऊ शकतो. हद्दपारीच्या सुनावणीत सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही, स्वतःच्या पैशाने नेमायचा.

पाऊलवाट

निरगुडी, अक्षांश, मनापासून आभार. एक व्यवहारातलं विचारते. दारावर अधिकारी आले तर कागद ओळखायचा कसा? आणि आपले एच-१बीवाले लोक यात कुठे बसतात?

अक्षांश

न्यायाधीशाच्या वॉरंटवर वरती न्यायालयाचं नाव असतं, खाली न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही असते, आणि झडतीचं असेल तर घराचा नेमका पत्ता असतो. इमिग्रेशन खात्याच्या आतल्या वॉरंटवर गृहसुरक्षा खात्याचं नाव आणि आय-२०० किंवा आय-२०५ असा नमुना क्रमांक असतो, सही खात्यातल्याच अधिकाऱ्याची. असा कागद घेऊन संमतीशिवाय घरात शिरता येत नाही हीच (मनमानी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या) चौथ्या घटनादुरुस्तीची प्रस्थापित समजूत. आय-२०५ पुरेसा आहे असा दावा खात्याच्या एका अंतर्गत सूचनेत केल्याचं २०२६ च्या सुरुवातीला बाहेर आलं आणि त्यावर मोठा वाद झाला. म्हणून दार न उघडता कागद फटीतून किंवा काचेला लावून दाखवायला सांगायचं, ‘माझी संमती नाही’ हे स्पष्ट उच्चारायचं, आणि तरीही कुणी आत शिरलं तर अंगाने अडवायचं नाही. अडवलं तर वेगळा गुन्हा लागतो. दार किलकिलं करून बाजूला सरकणं हेही काही वेळा संमती म्हणून मांडलं जातं, चूक बहुधा तिथेच होते.

एच-१बी, एच-४ (त्यांचे जोडीदार आणि मुलं), विद्यार्थी, ग्रीनकार्डवाले : १८ वर्षं पूर्ण झालेल्या बिगरनागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवायचा असं कायदा म्हणतो. ग्रीनकार्डवाल्याचं कार्ड, बाकीच्यांचा आय-९४ चा (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा) छापील उतारा. पत्ता बदलला तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा अर्ज भरायचा. नागरिकाला सक्ती नाही, यांना आहे, हा फरक लक्षात ठेवा.

ताब्यात घेतलं तर आपल्या दूतावासाला कळवा अशी मागणी करण्याचा हक्क व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने आहे. काही देशांच्या बाबतीत अधिकाऱ्यांनी आपणहून कळवायचं असतं. मेक्सिको आणि भारत त्या यादीत नाहीत, म्हणून मागावं लागतं. मेक्सिकोने हे कलम पाळलं जात नाही म्हणून अमेरिकेला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं आणि २००४ मध्ये निकाल मेक्सिकोच्या बाजूने लागला. टेक्सासने आपल्याकडच्या मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत तो जुमानला नाही, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासला तशी मोकळीक दिली.

तळ्याकाठी

तिसरा प्रश्न उरला. ‘वंश की राष्ट्रीयत्व’ याचं उत्तर अमेरिकी सरकारने सोयीप्रमाणे बदललंय.

२ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा निम्मा मुलूख अमेरिकेत गेला. तिथल्या लोकांनी वर्षभरात मेक्सिकन राहतो असं कळवलं नाही तर ते अमेरिकी नागरिक. हे लोक कुठेच गेले नव्हते, सीमा त्यांच्यावरून सरकली. त्या काळात नागरिकत्व घेण्याचा हक्क गोऱ्यांपुरता होता, त्यामुळे कागदोपत्री ते गोरे ठरले. १९३० च्या जनगणनेत मात्र ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश टाकला. मंदीचा काळ होता. त्याच दशकात लाखो लोकांना मेक्सिकोत पाठवण्यात आलं, त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिक प्रचंड संख्येने होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली. विरोधानंतर १९४० च्या जनगणनेतून तो वंश काढला.

गोरं ठरण्याचा फायदा काय झाला ते ‘हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास’ वाचल्यावर कळतं. जॅक्सन काउंटीत २५ वर्षांत मेक्सिकन आडनावाचा एकही माणूस ज्यूरीवर नव्हता. सरकारी बाजू म्हणाली, मेक्सिकन गोरेच आहेत, ज्यूरी गोरी आहे, मग भेदभाव कसला? आणि त्याच न्यायालयाच्या आवारात पुरुषांची दोन स्वच्छतागृहं होती. एकावर पाटी नव्हती. दुसऱ्यावर काळ्यांसाठीची पाटी, आणि तिच्याखाली स्पॅनिशमध्ये ‘ओंब्रेस आकी’, पुरुषांनी इथे. वकील गुस गार्सिया आणि कार्लोस कादेना यांच्या बाजूने ३ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एकमताने लागला, शाळांतलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन निकालाच्या दोन आठवडे आधी. शाळांमधल्या विभाजनाविरुद्धचा मेंडेझ निकाल तर १९४६-४७ चा, ऑरेंज काउंटीतला.

तुमच्या लेखात शेतमजुरांच्या हक्कांना जागा द्याच. १९३५ च्या संघीय कामगार कायद्यातून शेतमजूर वगळले होते, आजही वगळलेलेच आहेत. कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षसंप ८ सप्टेंबर १९६५ ला लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी सुरू केला. सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांची संघटना १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, त्यात उतरली. ग्राहकांच्या बहिष्कारामुळे १९७० मध्ये करार झाले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क दिला, आणि त्याच वर्षी आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली. दांडा जेमतेम हातभर. लेट्यूसची विरळणी दिवसभर कमरेत पूर्ण वाकून करावी लागे आणि तिशी-चाळिशीतच पाठीचे मणके कामातून जात. लांब दांड्याने काम होत नाही असं मालक सांगत. लांब दांड्याने काम व्यवस्थित झालं. मुकादमाला लांबून कोण ताठ उभा राहिलाय ते दिसावं, हा आखूड दांड्याचा खरा उपयोग होता.

आता मेक्सिकोची बाजू. १९९८ पर्यंत अमेरिकी नागरिकत्व घेतलं की मेक्सिकन राष्ट्रीयत्व जाई, म्हणून कित्येक ग्रीनकार्डवाले दशकानुदशकं नागरिक होत नसत. परिणामी मतदान नाही, वजन नाही. २० मार्च १९९८ पासून जन्माने मेक्सिकन असलेल्याचं राष्ट्रीयत्व काढून घेता येत नाही, मेक्सिकोच्या घटनेच्या ३७ व्या कलमाने. परदेशातून मत द्यायला पहिल्यांदा २००६ मध्ये मिळालं. आधी परदेशी जन्मलेल्या पहिल्याच पिढीपर्यंत राष्ट्रीयत्व पोचे, २०२१ च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्यासाठी वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद करायची. अडचण बहुतेकदा नावात येते : अमेरिकी दाखल्यावर एकच आडनाव, मेक्सिकोत वडिलांचं आणि आईचं अशी दोन. नोंदणीच्या वेळीच ते सरळ करून घेतलं नाही तर पुढे पासपोर्ट आणि वारसाहक्क दोन्हीत घोळ होतो. आणि दुहेरी राष्ट्रीयत्व असलेल्याने मेक्सिकोत शिरताना-निघताना मेक्सिकन म्हणूनच ओळख द्यायची, तिथला कायदा तसं सांगतो.

आपल्याकडे नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या) कार्डावर मत देता येत नाही. मेक्सिकोतल्या मिशोआकान राज्यातल्या गावच्या, शिकागोत राहून अमेरिकी नागरिक झालेल्या माणसाला दोन्ही देशांत मत आहे. मराठी वाचकांना हा फरक चटकन भिडेल, लेखाची सुरुवात तिथूनही करता येईल.